अंगठ्याला आराम

प्रिय प्राप्ती,

मी भागीरथी. बाळकुमला राहते, खाडीकडचं शेवटचं घर. तुझ्या बापाची आई लागते. ओळख सांगितलेली बरी, कारण गणपतीला येते म्हणालीस आणि आता शिमगा आला. कुठला गणपती, ते विचारायचं माझंच राहून गेलं. फोन केला की 'आजी, कस्टमर आहे' म्हणून ठेवतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही, म्हणून पत्र.

लिहून घेतायत त्या सुहासिनीबाई, समोरच्या टॉवरमधल्या रिटायर्ड मास्तरीण. मी बोलते ते धुऊन, वाळवून कागदावर घालतात. मासळी खात नाहीत, पण माझ्याकडून कोळंबी न्यायच्या, मांजरासाठी. मांजर मी अजून बघितलेलं नाही. हेही लिहा म्हटलं, तर हसतायत आणि लिहितायत.

बातमी अशी की पुलाच्या कामाने आपली खाडीतली जाळी बंद झाली, त्याची भरपाई मंजूर झाली. ज्याची त्याला, ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यात. रोख नाही, मुलाच्या खात्यात नाही. मला बरंच वाटलं गं. दिपेशकाकाकडे जेवायला बसले की तुझी काकी भाताचा डाव जरा अलगद धरते. वाईट नाही ती, तिची पण चार तोंडं आहेत. पण आपल्या नावाचं काही असलं, की त्या डावाकडे बघत बसावं लागत नाही. म्हणून या वयात पहिल्यांदा बँकेची पायरी चढले. भिंतीवर चित्र होतं, एक बाई पासबुक धरून हसत होती. खाली लिहिलेलं, प्रत्येकाचं खातं, एक पैसाही न भरता. ते मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, साडीची जाहिरात असेल.

खिडकीत नील नावाचे साहेब, तुझ्याच वयाचे. मशीनवर अंगठा ठेवा म्हणाले, लाल दिवा. दुसरा ठेवला, लाल. दहाही बोटं झाली. म्हणाले, आजी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत. म्हटलं, असणार कशा? नवव्या वर्षापासून चिखलात हात घालून निवट्यांची मासळी धरली, दगडावरची कालवं फोडली, पुढे चाळीस वर्षं बर्फात हात. रेषा गेल्या मासळीबरोबर गिऱ्हाइकांच्या पिशवीत. मग विचारलं, सही येते का? तेव्हा तू आठवलीस. दुसरीत होतीस, पाटी घेऊन मागे लागलेलीस माझं नाव शिकवायला. मासळी खराब होईल म्हणून मी पळाले. मासळी विकली गेली, नाव राहिलं.

नील साहेब म्हणाले, महिनाभर हातांना आराम द्या, रेषा वर येतात कधी कधी. 'कधी कधी' माझ्या कानात शिरलंच नाही. घरी आले ती सुरी ठेवून दिली. टोपली नाही, बर्फ नाही. खोबरेल तेल चोळायचं, अंगठ्यांना मऊ चिंधी बांधायची आणि ओटीवर बसून राहायचं, अंगठ्याचं बाळंतपण काढल्यासारखं. शेजारची सगुणा येताजाता विचारायची, भागीरथी, बारसं कधी? बाजारातली माझी जागा तिलाच दिलेली, महिन्यापुरती. रिकामी ठेवली तर दुसरं कुणी बसतं.

एकतिसाव्या दिवशी गेले. हात असे मऊ झालेले, तुझे गाल लहानपणी होते तसे. लाल दिवा.

बाजारात गेले तर सगुणा लगेच उठली, खोटं नाही सांगत. पण महिन्यात गिऱ्हाइकं तिची झालेली. माझ्यासमोर तिला भाव विचारत होती. तिच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. मीच म्हटलं, बस.

सुहासिनीबाईंनी कुठूनतरी शोधून काढलं, की ज्याच्याकडे काही नाही त्याचंही लहान खातं निघतं. फोटो चिकटवायचा, साहेबासमोर शाईचा अंगठा द्यायचा, झालं. दोघी गेलो. मॅनेजरने बाईंना खुर्ची दिली, मला नाही. म्हणाले, नियम असेल, आमच्या शाखेत करत नाहीत. गंमत बघ, समोरच्या टॉवरला आपली जमीन गेली तेव्हा ह्याच अंगठ्याला शाई लावलेली. काळा डाग उमटला. रेषा कुणी मोजल्या नाहीत. असो. भरपाईची शेवटची तारीख शुक्रवारी गेली. सोमवारपासून दिपेशकडे जेवायला आहे, दोन्ही वेळा.

आता खरं सांगते. तारीख जायच्या आधी, बुधवारी, मी तुझ्याकडे आलेले. मासळीच्या टेम्पोत पुढे बसून, मानकोलीच्या पुलावरून डोंबिवलीला. दुसऱ्यांच्या बँकेत कशाला तोंड वेंगाडायचं, आपली पोर बँकेत आहे. पदर डोक्यावर घेऊन तुझ्याच रांगेत उभी राहिले, म्हटलं गंमत करू. माझ्या पुढे एक बाई होती, एमआयडीसीत पिंपं धुणारी. केमिकलने बोटांची सालं गेलेली. तिने अंगठा ठेवला, लाल दिवा. तू वर न बघता म्हणालीस, मावशी, मशीन घेत नाही, उद्या या. ती म्हणाली, कालपण उद्याच म्हणालात. तू म्हणालीस, नेक्स्ट. नेक्स्ट मी होते, प्राप्ती. तुझा चहा साय धरून बाजूला पडलेला, कानशिलाजवळ केस पिकलेत तुझे, रांग दारापर्यंत. मी मागे वळले. सुहासिनीबाई म्हणतात, तो शाईच्या अंगठ्याचा कागद बँकेतल्या सगळ्यांना शिकवतात. तुला ठाऊक असेल, वेळ नसेल. माझं आता काही काढायचं नाही, ते गेलं. त्या पिंपं धुणाऱ्या बाईचं खातं काढ. काढशील असं मला वाटत नाही, मी तुझा चेहरा बघितलाय. तरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही. आणि दर फोनला विचारतेस ना, आजी, खायला काय पाठवू, आणि पाठवत काही नाहीस? या वेळी पाठव. डोंबिवलीच्या बाजारातून सुका जवळा घे थोडा, निवडून, पिशवीला दोन गाठी मारून. घरात मासळी नाही, आणि सगुणाकडे मागायला तोंड उघडत नाही.

तुझीच,
भागीरथी आजी