पाच किलोमीटर आणि एक गाठ

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
दाढी करताना डाव्या जबड्याखाली गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. नेटवर वाचलं, न दुखणारीच वाईट. नेट बंद केलं. हिला सांगितलं नाही. ती उगाच घाबरून जाईल.

संध्याकाळी
सोसायटीची मीटिंग. कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सिस्टर आल्या होत्या. रुग्णांना हॉस्पिटलात न्यायला-आणायला व्हॅन हवी आहे, निधी गोळा करून द्याल का, म्हणाल्या. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. माझा हात वर गेला. एरवी मीटिंगमध्ये मी हात वर करतो तो चहासाठी. टाळ्या. ठरलं: १ मार्चला पाच किलोमीटर चालण्याचा कार्यक्रम. पाचशे माणसं. आयोजक मी. सकाळच्या गोष्टीशी याचा काडीचाही संबंध नाही.

४ फेब्रुवारी
जो माणूस त्या रुग्णांसाठी एवढा राबतो, त्यालाच तो आजार होईल का? इतका अन्याय वर बसलेला कोणी करणार नाही. हा सौदा नव्हे. नुसता विचार.
संकल्प: गाठीला हात लावायचा नाही. आणि पाचशे कशाला, हजार माणसं आणू.
दुपारपर्यंत अकरा वेळा हात लावला.

८ फेब्रुवारी
कपाटातून मफलर काढून गळ्यात गुंडाळला. ही म्हणाली, एवढ्या उकाड्यात? म्हटलं, माइकवर बोलायचंय, आवाज जपतोय. पुढे एक अक्षर विचारलं नाही तिने. किती विश्वास आहे माझ्यावर.

१२ फेब्रुवारी
सिस्टर घरी येऊन गेल्या. कार्यक्रमात मोफत तपासणीचं टेबल ठेवायचं म्हणतात. डॉक्टर त्या आणणार. तोंड, मान, कुठे गाठबीठ. मी म्हटलं, लोक चालायला येणार, घाबरायला नाही. त्या म्हणाल्या, "घाबरलेला माणूस आधीच घाबरलेला असतो हो. टेबलापाशी आला की जरा कमी घाबरतो." हे बोलताना बघत होत्या मफलरकडे.
नाही म्हणता आलं नाही. नकाशात टेबल जनरेटरच्या मागे टाकलं, शौचालयाच्याही पलीकडे. गर्दीच्या दृष्टीने तीच जागा सोयीची.

१७ फेब्रुवारी
पोस्टरं आणायला छापखान्यात गेलो. घोषवाक्य मीच लिहिलं होतं: 'वेळेवर निदान, हेच वरदान'. छापून आलं: 'वेळेवर निधन, हेच वरदान'. दोनशे प्रती. छापखानेवाला म्हणाला, एका अक्षराचा तर फरक आहे, साहेब.
मी तिथेच स्टुलावर बसलो. पाणी मागितलं. शकुन-अपशकुन मी मानत नाही. घरी येऊन जेवलो नाही, भूक नव्हती. सोसायटीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, चुकीच्या शब्दावर पट्टी चिकटवा. दोनशे वेळा तो शब्द वाचला आणि झाकला. निम्म्या पट्ट्या वाकड्या लागल्या. वयाचा परिणाम. वय बावन्न.

२१ फेब्रुवारी
नावनोंदणी एकेचाळीस. हजाराची सुरुवात अशीच होते.
ऑफिसात जरा विचित्र झालं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन मी घेतो. अडकलेल्या माणसाला 'घाबरू नका, आमचा माणूस निघालाय' असं सांगणं, हे माझं बावीस वर्षांचं काम. आज एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या. म्हणाल्या, "खरं सांगा, निघालाय ना? की आपलं बोलायचं म्हणून बोलताय?" मी नुसतं 'निघालाय, निघालाय' म्हणत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, तुम्ही ठीक आहात ना?"
अपुरी झोप, दुसरं काही नाही.

२६ फेब्रुवारी
गाठ वाढलेली नाही. वाटाण्याएवढीच आहे. फार तर हरभऱ्याएवढी. हरभरा मोठा की वाटाणा, हे नक्की करायला स्वयंपाकघरात दोन्ही डबे उघडले. वळून बघतो तर दारात ही. काय चाललंय? म्हटलं, कार्यक्रमाच्या अल्पोपाहाराचं बघतोय. लोकांना कोरडे वाटाणे देणार का, एवढं विचारून गेली.
विम्याची फाइल वरच्या कप्प्यातून खाली आणून ठेवली, हिचा हात पोचेल अशी. सहज. आवराआवर.

१ मार्च, दुपारी
यशस्वी. माणसं अडतीस, त्यातली अकरा आमच्याच जिन्यातली. पण उत्साह हजाराचा.
जनरेटरमागे डॉक्टर एकटेच पेपर वाचत बसले होते. सिस्टरनी सरळ माझ्या हातातून माइक घेतला. लोकांची भीड चेपावी म्हणून पहिली तपासणी आपले आयोजक करून घेतील, म्हणाल्या. टाळ्या. कानात नुसतं घूं घूं. मी शिट्टी फुंकली. चालायला सुरुवात व्हायला अजून दहा मिनिटं होती. सगळ्यांच्या पुढे मी, ऑफिसच्या बुटांत. पाच किलोमीटर संपले तेव्हा डॉक्टर अजून बसलेलेच. थांबलो नाही. दुसरी फेरी मारली. अध्यक्षबाई म्हणाल्या, याला म्हणतात तळमळ.
दहा किलोमीटरनंतर टेबल रिकामं. दोन्ही टाचांना फोड. जमलेल्या निधीत व्हॅन येणार नाही, व्हॅनचे दोन टायर येतील. कुठून तरी सुरुवात होते.
सिस्टरनी जाताना सांगितलं, कोणी पुढे येईना तेव्हा तुमच्या मिसेस बसल्या. मग त्यांच्यामागून एकोणीस जण आले.

१ मार्च, संध्याकाळी
हिला मंगळवारी हॉस्पिटलात बोलावलंय.
काय निघालं, विचारलं. म्हणाली, नीट बघायचंय म्हणाले. आणि भाजी चिरायला लागली. कुठे, केव्हापासून, दुखतं का, काहीच धड विचारता आलं नाही. म्हणाली, "याल ना बरोबर? तुम्हाला हॉस्पिटलचा वासही सहन होत नाही, ठाऊक आहे मला." म्हटलं, येतो.
संध्याकाळभर गळ्याला हात गेला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२ मार्च
ऑफिसला गेलो नाही. संकल्प वगैरे काही नाही.

३ मार्च, संध्याकाळी
ओपीडीत दीड तास बसलो. हिची पर्स माझ्या मांडीवर. मनात सारखं, हिला काही नको, हवं तर मला होऊ दे. मग आतून नाव पुकारलं. माझं. केसपेपरवर नाव माझंच होतं.
ही माझी बाही धरून उठली. म्हणाली, "मला काही झालेलं नाही. चला आत."
डॉक्टर तेच, जनरेटरमागचे. मफलर काढा, म्हणाले. दोन बोटांनी दाबून पाहिलं, तोंड उघडायला लावलं, सोनोग्राफी केली. खालची दाढ आतून पार किडलीय, तिच्यामुळे गाठ सुजलीय, असं त्यांना वाटतं. आधी दाढेचं बघा, पंधरा दिवसांनी परत या, तोवर उतरली नाही तर सुई घालून तपासू. एवढंच.
येताना बसमध्ये विचारलं, कधी कळलं तुला? म्हणाली, पहिल्याच दिवशी. दाढी करून आलात तेव्हा चेहरा पांढराफटक होता. तुम्हाला झोप लागली की मी हात लावून बघायची. रोज.
मग बोलली का नाहीस, विचारलं.
"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या गावाला कार्यक्रम ठेवला असता." मग म्हणाली, "चार आठवडे मी झोपलेले नाहीये."
मी तिची पर्स परत माझ्या मांडीवर घेतली. दोन स्टॉप गेले असतील, हिची मान माझ्या खांद्यावर कलली. तोंड जरा उघडं. आमचा स्टॉप आला, गेला. मी हललो नाही. शेवटी आगारात कंडक्टरने दोघांना खाली उतरवलं.