मिर्झाची मागेपुढे झालेली पानं

३ ऑक्टोबर, शुक्र.
अमेरिकेत हर्नडनला लेकीकडे, मेघनाकडे येऊन तीन महिने झाले. ह्यांचा उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्या डोळ्यात आज तिसरं इंजेक्शन. डॉ. म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. समोर धरलेल्या कागदाच्या कडा दिसतात, मधलं दिसत नाही. परत येताना गाडीत एकदम, "मिर्झाची साठ पानं राहिली." डोळ्यांचं काही नाही, काळजी मिर्झाची.

मिर्झा म्हणजे आमच्या संसारातला तिसरा माणूस. साडेतीनशे वर्षांपूर्वी इस्फहानहून निघाला, सुरत, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा फिरला आणि सगळं फारसीत लिहून ठेवलं. हे सत्तावीस वर्षं त्याचं मराठी करताहेत. हे सांगतात, मी लिहिते. मला फारसीचं एक अक्षर वाचता येत नाही, पण मिर्झाचं पोट सुरतेत किती दिवस बिघडलं होतं ते विचारा.

७ ऑक्टो., मंगळ.
मेघनाने तोड काढली. दोन घरं सोडून पर्वीनबाई राहतात, मुलाकडे. तेहरानला शाळेत शिकवत होत्या. त्या फारसी मोठ्याने वाचणार, हे मराठी सांगणार, मी लिहिणार.

आज पहिली बैठक. पुण्यात पुस्तकांवरून शिकलेली फारसी हे जन्मात पहिल्यांदा फारसी माणसाशी बोलले. बाईंना हसू आवरेना. मेघनाला इंग्रजीत म्हणाल्या, तुझे बाबा मला चहा नको असं सांगत नाहीत, बादशहाकडे अर्ज करताहेत. हे इतके खूश की तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. कितीतरी दिवसांनी हसले. मला बरं वाटलं.

१२ ऑक्टो., रवि.
काम झपाट्याने. बेचाळीस पानं झाली. पुण्याहून प्रकाशकांचा फोन, दिवाळीनंतर छपाईला घेतो म्हणाले. प्रस्तावना गेल्याच महिन्यात पाठवली आहे. ती ह्यांची लाडकी. मिर्झा बायकोला मूठमाती देऊन प्रवासाला निघाला, मागे ओढणारं कोणी उरलं नाही म्हणून इतकं लांब जाऊ शकला, असा सगळा डोलारा. आधार पहिली चार पानं. चाळीस दिवस तो तिच्या उशाशी बसून होता, मग ती गेली. दर व्याख्यानात हे इथे थांबून पाणी पितात. शेवट मात्र आमच्याकडे नाही. मिर्झा परत आपल्या शहराच्या वेशीशी येतो आणि वाक्य तुटतं. शेवटची पानं गहाळ, अशी टीप मीच लिहिली आहे.

१६ ऑक्टो., गुरु.
आजचं आजच लिहून ठेवते.

शेवटचं पान वाचून झालं. हे दमले, आत जाऊन पडले. पर्वीनबाई पानाच्या तळाशी बोट ठेवून बघत बसल्या. जुन्या पोथ्यांना आकडे नसतात. लिहिणारा पानाच्या तळाला पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतो, म्हणजे पानं सुटली तरी लावता येतात. आमच्या प्रतीत बाइंडरने कडा कापल्या, त्यात ते शब्द गेले. ह्या पानावर मात्र अर्धा उरलाय. बाईंनी तो कागदावर पुरा करून लिहिला, मग चाळत चाळत मागे गेल्या आणि पहिल्याच पानावर थांबल्या, ते त्याच शब्दाने सुरू होत होतं. मला इंग्रजीत हळू सांगितलं, ही चार पानं सुरुवातीची नाहीत. शेवटची आहेत.

मला कळायचं ते कळलं.

अठ्ठ्याण्णव साल. ह्यांचा पन्नासावा वाढदिवस. हैदराबादच्या एका घरातली पोथी, तिची झेरॉक्स घेऊन हे चारच दिवसांपूर्वी आले होते, वाचायला घेतली नव्हती. म्हटलं छान बांधून देऊ. रिक्षातून उतरताना गठ्ठा निसटला. बाकीचा जुडगा धड राहिला, दोन कागद, पाठपोट चार पानं, लांब जाऊन पडले. अक्षर टपोरं दिसलं, म्हणून पहिले असतील असं वाटून मी ते वर ठेवले आणि बाइंडरकडे दिलं. कडा कापलेल्या बघून हे हळहळले, पण म्हणाले, "क्रम शाबूत आहे ना, मग झालं." मी हो म्हटलं. नंतर हैदराबादचं ते घर विकलं गेलं, पोथी कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

पडल्याचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते.

१८ ऑक्टो., शनि.
पर्वीनबाईंना थोडे दिवस काही बोलू नका म्हटलंय. मेघनाला सांगितलं. ती डिशवॉशर भरत होती. "आई, प्लीज, आत्ता नको. बाबांचं बीपी बघ. बुक प्रिंट होऊ दे ना यार, कोण चेक करणार आहे?"

खरंच कोणी करणार नाही. ती पोथी वाचलेली माणसं जगात दोन, त्यातल्या एकाला आता दिसत नाही. आणि तो माझ्या भरवशावर आहे, म्हणून तर माझ्याने गप्प बसवत नाही.

२० ऑक्टो., सोम.
लक्ष्मीपूजन. चकल्या मऊ पडल्या. हे म्हणाले, फार छान झाल्यात, दातांना त्रास नाही. इतकं प्रेम आलं की तिथेच सांगून टाकणार होते. नाही जमलं.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
सकाळी ओवाळलं. दरवर्षीसारखं ह्यांनी विचारलं, "बोला, काय हवं?" मी म्हटलं, "ऐकून घ्या. मध्ये बोलू नका." निरांजन हातात तसंच धरून सगळं सांगितलं. रिक्षा, दोन कागद, टपोरं अक्षर, मी हो म्हटलं ते.

हे पाटावरून उठले नाहीत. बांधलेली प्रत मागितली. तळाच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग, "तेव्हा का नाही सांगितलंस?"
"वाढदिवस होता."
"त्यानंतर सव्वीस वाढदिवस झाले, सुमती."

नावाने हाक मारतात ती फक्त रागावले की.

२४ ऑक्टो., शुक्र.
बोलत नाहीत. जेवतात, गोळ्या घेतात, डोळ्यात थेंब घालायला मान वर करतात. थेंब घालताना मी सॉरी म्हटलं. आमच्यात असलं म्हणायची पद्धत नाही, दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

२५ ऑक्टो., शनि.
पर्वीनबाईंना स्वतः जाऊन बोलावून आणलं ह्यांनी, भिंतीला हात लावत. म्हणाले, शेवटचं पान वाचा आणि न थांबता पहिली चार.

मिर्झा वेशीशी आला. पान उलटलं. ती अंथरुणाला खिळली होती, तरी त्याला पाहून उठून बसली. मग ते चाळीस दिवस.

तीच पानं, तेच शब्द. हे म्हणाले, "म्हणजे पोचला तो." पुन्हा म्हणाले, "पोचला गं वेळेवर." आणि रडायला लागले. मीही. पर्वीनबाई तर आधीपासूनच. मेघना घाबरून वरून खाली आली, तिला वाटलं डोळ्याचं काही झालं.

मग हे आठवत बसले. बुऱ्हाणपूरला मिर्झाने जरीचं कापड घेतलं, कोणासाठी ते लिहिलेलं नाही, तिथे "व्यापारासाठी असावं" अशी आमची टीप. "काढ ती," म्हणाले. अशा अकरा टिपा सापडल्या. आपली बायको मागे आहे हे त्या माणसाने कुठेही लपवलं नव्हतं.

२७ ऑक्टो., सोम.
ह्यांनी प्रकाशकांना फोन केला. थांबवा, प्रस्तावना नव्याने लिहितो. ते म्हणाले, मग वर्षभर मागे पडेल. हे म्हणाले, पडू दे. वर्षाने डोळ्यांचं काय झालेलं असेल कोण जाणे. मेघना मला बाजूला घेऊन म्हणाली, "सी, म्हणून सांगू नको म्हटलं होतं." तिचंही चुकत नाही.

२९ ऑक्टो., बुध.
सकाळी नवी प्रस्तावना सुरू. हे खिडकीशी, मी टेबलाशी. पहिली दोन पानं न अडता सांगितली. आधीच्या प्रस्तावनेपेक्षा चांगली आहे, तसं मी सांगितलं. मग चुकीची कबुली आली.

"लिही. ह्या प्रतीची पानं बांधणाऱ्याच्या हातून मागेपुढे झाली."

मी पेन उचललं. "बांधणाऱ्याच्या नाही. माझ्या. नाव घाला."

"सत्तावीस वर्षं सगळं तू लिहिलंस. पुस्तकात तुझं नाव कुठेही नाही, ते माझ्या कधी लक्षातच आलं नाही. आणि आता पहिल्यांदा यायचं ते ह्या वाक्यात?"

"मग कुठे घालता?"

ह्यांनी खिडकीकडे बघितलं, म्हणजे तिकडे तोंड केलं. मग पुढचं वाक्य सांगायला लागले. मी 'हातून'च्या आधी नावाएवढी जागा सोडली आणि पुढचं लिहून घेतलं.