अडतीस नंबरच्या फॉर्ममधली मुलगी

प्रिय वहिनीस,

तुझ्या एकुलत्या एका नणंदेचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून, इथल्या ऑफिसातलं टेबल फार बुटकं आहे.) तुझी पाठ कशी आहे? दादाचा खोकला गेला का? माझी पोरगी कशी आहे, हे मात्र विचारत नाही, कारण ते मला कळलेलं आहे. कसं कळलं, ते सांगायलाच हे पत्र. फोन करणार होते. पण फोनवर तू "अगं, सगळं संपवलं तिनं, वाटी चाटूनपुसून" म्हणतेस आणि लगेच तुझ्या शिलाई मशीनचा आवाज सुरू होतो. त्या आवाजापुढे माझं काय चालणार?

आमच्या कामातली मऊबाई तुला आता माहीत आहेच. (खरं नाव वेगळं, पण आवाज इतका मऊ की सगळं ऑफिस तिला हेच म्हणतं. मला काय म्हणतात, ते मी कधी विचारलेलं नाही.) आम्हा दोघींचं काम एकच. घरोघरी जायचं, काल सकाळपासून आज सकाळपर्यंत लेकराच्या तोंडात काय काय गेलं ते आईला विचारायचं, त्यांचीच वाटी, त्यांचाच चमचा मापून लिहून घ्यायचं. मला बायका सांगतात, दूध, अंडं, केळं, डाळ, पालेभाजी. पोर मात्र दाराशी काडीसारखं उभं. त्याच दुपारी मऊबाई फेरतपासणीला गेली की तीच बाई तिला सांगते, अर्धं बिस्किट, पाण्यात बुडवून! साहेबांनी एकदा सगळ्यांदेखत दोघींचे फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, तुमच्या फॉर्ममध्ये पंगत बसली आहे आणि हिच्या फॉर्ममध्ये पोर उपाशी आहे. तुमचं खरं धरलं तर या गल्लीला पूरक आहार कधी मिळायचाच नाही. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

सरळ सांगते, मी जळते तिच्यावर. एकदा तर चपलेचा पट्टा लावायच्या निमित्तानं दाराबाहेर दहा मिनिटं ऐकत उभी राहिले. गुपित एवढंच निघालं की ती पोराचं विचारायच्या आधी आईला विचारते, तुम्ही काल काय खाल्लंत? बाई खाली बसते, मग सगळं बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी मीही विचारलं. त्या बाईनं पाऊण तास स्वतःचं जेवण, स्वतःचा गुडघा आणि स्वतःची सासू सांगितली. पोराचा रकाना कोरा राहिला तो राहिलाच. मग आवाज मऊ करून पाहिला, तर पुढच्या घरी मला सर्दी झाली असं समजून वाफ घ्यायला बसवलं. (वाफ बरी होती.) म्हणून तर मुख्य ऑफिसात सहा आठवडे सगळ्यांचे फॉर्म तपासायला मला निवडलं तेव्हा मी अशी फुगले. आता मऊबाईच्या चुका मी काढणार! सहा आठवडे नीट पार पडले तर ही जागा कायमची माझी. पोरीला तुझ्या मांडीवर ठेवून निघाले ती याच घमेंडीत. (हे बारा महिने दौऱ्यावर असतात, त्यांना कुणी पोर कुणाकडे ठेवलं म्हणून विचारत नाही, तो भाग वेगळा.)

काल मऊबाईच्या फॉर्मांचा गठ्ठा आला. फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर. अडतीस नंबर: मुलगी, सतरा महिने, आई कामासाठी परगावी, सांभाळणारी मामी. सकाळी पेज दोन चमचे, पैकी एक थुंकली. मग अर्धं बिस्किट, उरलेलं मांजराला. अंड्याचं पांढरं अजिबात नाही, पिवळं नखभर. दूध नाही म्हणजे नाही. वहिनी, त्या आईचा मला असा संताप आला! एवढंसं पोर टाकून परगावी जाते कशी ही बाई? लाल पेन्सिलीनं समासात ठोकून दिलं, "आईला समज द्यावी. घरी पुन्हा भेट द्यावी." आणि खाली सही. मग पुढची ओळ वाचली. अकरा वाजता कापडावर खुणा करायचा निळा खडू, अंदाजे एक चावा. जेवते ती शिलाई मशीनखाली बसूनच. माझी पेन्सिल हातातच राहिली. शेवटचा प्रश्न असतो, कालचा दिवस नेहमीसारखाच होता का? त्यापुढे मऊबाईच्या टपोऱ्या अक्षरात तुझं उत्तर: हो. आई गेल्यापासून असंच. आईला सांगितलेलं नाही, ती काम टाकून येईल.

मी रडले. तिथंच, त्या बुटक्या टेबलाशी. आणि रडता रडता राग कशाचा आला सांगू? फॉर्मच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. म्हणजे तू तिला चहासुद्धा दिलास! मला तीन आठवडे "वाटी चाटूनपुसून" आणि तिला पहिल्याच भेटीत नखभर पिवळं? नणंद मी आहे की ती? तुलाही तिनं विचारलं असणार, तुम्ही काल काय खाल्लंत म्हणून. ते काही फॉर्ममध्ये लिहीत नाहीत. आणि मी तर तुला तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नाही. पोरगी मशीनखाली, कपडे मशीनवर, तू जेवतेस तरी कधी?

दादाला नमस्कार. पोरीचा पापा.

तुझीच (मऊबाईची नव्हे) नणंद

ता. क. शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी परत. नोकरी टाकून येत नाही, घाबरू नकोस. तोवर खडू वरच्या फळीवर ठेव.

ता. क. दुसरा. सही झालेला शेरा खोडता येत नाही. तेव्हा मऊबाई पुन्हा येणार, आणि आईला म्हणजे मला समज देणार, तीही मऊ आवाजात. शनिवारी आली तर मी घरात नाही म्हणून सांग.

ता. क. शेवटचा. पोरीचं खरं काय ते मला सांगायला तुझी जीभ रेटत नसेल तर खुशाल मऊबाईलाच सांगत जा. तिचे फॉर्म माझ्याकडेच येतात. फक्त पोरगी माझी आठवण काढते का, हा रकाना त्यात नाही. तेवढं मला फोनवर सांग. काढत नसेल, तरी काढते म्हण.