थांबलेला काटा

आई, काल नवा मॉनिटर आणला. अर्धी भिंत व्यापेल एवढा. विमान उडवायचा तो आपला खेळ त्यावर सगळ्यात वरच्या रिझोल्यूशनला लावला आणि विमान ठाण्याच्या खाडीवर आणलं. कोलशेतच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतात आता, तुझ्या माहेरच्या कोळीवाड्यापाशी खारफुटीसुद्धा दिसते, आणि चित्र जराही अडखळत नाही. हे बघायला तू हवी होतीस, असं लिहिणार होते. पण ते तितकं सरळ लिहिता येत नाही.

डोंबिवलीच्या याच घरात मी सुटे भाग जमवून कॉम्प्युटर जोडलेला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तू तेव्हा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात प्रेशर गेज तपासायचीस. बॉयलरवर बसवतात त्या गोल तबकड्या भिंगाखाली धरायच्या, आकडे नीट छापलेत का बघायचं, काटा शून्यावर येतो का बघायचं. वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून तेच. पहिली पाळी करून चारला घरी आलीस की चहाचा कप घेऊन माझ्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसायचीस. विमानाचं तुला काही नव्हतं, तुला त्यातल्या तबकड्या आवडायच्या. मी चालवायचं आणि तू उंची वाचायची, अशी आपली वाटणी. रोज तेच उतरणं: खाडीवरून आत, मुंबईचा विमानतळ, धावपट्टी.

रिझोल्यूशन वाढवलं की आकडे रेखीव दिसायचे, पण कॉम्प्युटर बिचारा दमायचा. एक चित्र, मग खोळंबा, मग दुसरं. कमी केलं की विमान पळायचं आणि आकड्यांचे नुसते ठोकळे व्हायचे. आपली भांडणं त्यावरूनच. "अगं, हे फुगलेले आकडे कोण वाचणार? आमच्याकडे असा पीस आला ना, मी सरळ रिजेक्ट मारते." मी ओरडायचे, "आई, तोवर विमान पडतंय!" "पडू दे. पण नीट दिसून पडू दे." आणि मी मान वाकडी करून तबकडीकडे पाहिलं की पाठीत धपाटा ठरलेला. "तिरकं बघू नको. काटा समोरून बघायचा. तिरकं बघणाऱ्याला तो खोटं सांगतो." नजरेचा तुला भारी तोरा होता. तुझ्या लहानपणी होडीतून लांबच्या जाळ्याचे तरंगते बोये तूच आधी दाखवायचीस, हे मी शंभरदा तरी ऐकलंय.

त्या दिवशी मी दुपारपासून घरीच होते. रखडणाऱ्या चित्राला वैतागून रिझोल्यूशन पार तळाला नेऊन ठेवलेलं. तू आलीस तशी दार उघडायला उठले, म्हणून खेळही थांबवला. विमान खाडीवर, तीन हजार फुटांवर, उंचीचा काटा जागच्या जागी. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसलेय. तू कप ठेवतेस, ठेवण्याआधी बोटांनी टेबलाची कड चाचपतेस, पडद्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "आज कसं स्वच्छ दिसतंय!" आणि वाचायला लागतेस. "तीन हजार. अडीच हजार." मला आधी थट्टाच वाटली. "दोन हजार. अगं, नाक जरा वर घे. पंधराशे." रोजच्याच ठेक्यात. काटा हललेला नाही, आई. पाठ झालेलं उतरणं तू मला म्हणून दाखवत होतीस. किती दिवसांपासून, ते मला आजही माहीत नाही.

मला भीती वाटली. इतकी, की मी खेळ चालू केला, विमानाचं नाक दाबलं आणि तुझ्या आकड्यांना गाठलं. तू पाचशे म्हणालीस तेव्हा मी पाचशेवर होते. चाकं टेकली. "बघ, माझी नजर!" तू म्हणालीस. मी म्हणाले, "हो. एकदम."

चार महिन्यांनी कारखान्याच्या गेटसमोर रस्ता ओलांडताना तुला टेम्पोने उडवलं. भर दुपारी, लख्ख उन्हात. चौकीवर तो टेम्पोवाला रडत एकच सांगत होता, "बाई थेट माझ्याकडे बघत आल्या हो. मला वाटलं, थांबतील." हवालदाराने मला विचारलं, आईंना दिसायला काही त्रास होता का. मी म्हणाले, नाही, नजर एकदम चांगली होती. टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

काल उतरताना तुझा आवाज आला. अडीच हजार, दोन हजार, काट्याच्या जरासा आधी. डावीकडे बघायचं धाडस झालं नाही. स्टूल अजून तिथेच आहे.

हे पत्र तुझ्या भिंगाच्या डबीत ठेवून देते, दुसरीकडे कुठे पाठवणार? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की डोळ्यांचं कळलं तर तुझी नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले. तसं नव्हतं. त्या दिवसानंतर मी रिझोल्यूशन तळालाच ठेवलं. तू भांडायची थांबलीस, रोज म्हणायचीस, स्वच्छ दिसतंय. आणि विमान फार छान पळायचं.