ससाणा की कवटी

थॉर्नकोट हॉल, श्रॉपशर
ऑक्टोबर १८४१

प्रिय लायनेल,

बाबा मंगळवारी गेले. त्यांचा 'सर' किताब आता तुझा. मुलीला तो मिळत नाही, आणि घर किताबाच्या मागोमाग जातं. या घराच्या आणि माझ्या मधे आता एकटा तू, माझा चुलतभाऊ.

दारावर वर्षभर टांगायची सुतकाची पाटी रंगवायला म्हातारा टकेट आलाय. घराण्याची ढाल काढून झाली, वरच्या चिन्हापाशी अडून बसला. "बाईसाहेब, मागे पुरुष वारस असेल तर तुमचा ससाणा काढतो. वंश संपला असेल तर कवटी. बोला!"

तेवढ्यात कोचमन डॉब्स आला. "लायनेलसाहेबांना कळवा, नदीवरचा पूल पार कुजलाय. गिरणीच्या वाटेनं या म्हणावं, नाहीतर गाडीघोड्यासकट खाली!"

तेच कळवायला हे पत्र लिहायला घेतलं. शुक्रवारी येतोयस ना? पुलावर तू लगाम कधीच खेचत नाहीस, लहानपणापासून.

टकेट मघाशी पुन्हा विचारून गेला. मी सांगितलं त्याला काय काढायचं ते.

हे पत्र खणात ठेवतेय. दात मात्र त्यानं फार सुबक काढलेत.

शुक्रवारी तुझी वाट पाहणारी,
ऑगस्टा