दोनदा उमटलेला शब्द

मंगळवार, अंबड. संध्याकाळ.

पाय दुखून राह्यलेत, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. आज जालन्याला कॉलेजात प्रॅक्टिकलला सविताच्या प्रोग्रॅमनं ‘सुरू’ हा शब्द स्क्रीनवर दोनदा छापला. “दोनदा लिहिला असशील,” मी वैतागून म्हणाले. “न्हाई मॅडम, एकदाच लिव्हलाय.” मी ऐकलंच नाही. सगळ्यांसमोर खाली बसवलं तिला.

एकदाच लिव्हलाय. जालन्याहून येताना बसमध्ये तेच डोक्यात. मग उजेड पडला. ओळ संपल्याची खूण तिनं दिली नव्हती, म्हणून शब्द न छापता प्रोग्रॅमच्या मेमरीतच थांबलेला. तेवढ्यात फोर्क झाला. फोर्क म्हणजे चालू प्रोग्रॅमची, म्हणजे बापाची, हुबेहूब नक्कल होऊन लेकरू जन्मतं, मेमरीसकट. बापाच्या तोंडात अडकलेला शब्द लेकराच्याही तोंडात गेला आणि शेवटी दोघंही तो बोलले. पोरगी बराबर होती. इतकी वर्षं शिकवते, तिथंच कसं सुचलं नाही मला? उद्या वर्गासमोर सांगायला पाहिजे.

घरी आले तर माझी सहा वर्षांची चिऊ वही मिटून म्हणाली, “कंटाळा आला या सगळ्याचा.”

कुठून शिकली? मी तर हे घरात एकदाही बोलले नाही, तोंडातच अडकवून ठेवलं होतं.