बाबाच्या नावाची पावलं

मोरबी, गुजरात
ता. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

मेघाताईले जयभीम.

मी इथं बरा आहे. तिकडे सारे बरे असतील, असं पुढं लिहायची पद्धत आहे. ह्या खेपेले ते वाक्य लिहीत नाई.

मी फोन काऊन उचलत नाई, असं तू हिरालालले विचारून राह्यली म्हणे. फोनवर मले ओरडणं येते अन् तुले रडणं. दोघाचंही काही ऐकू येत नाई. म्हणून वही आणली. आठवी सुटल्यापासून पेन धरला तो हजेरीच्या सहीपुरता, तवा चुका निघतील. तू काढत बसू नको. चुका काढाच्याच असतील तर आधी माह्या ऐकून घेजो.

इथं थंडी पडली आहे. मी अजून पॅकिंगलेच आहे, टाइल्सच्या पेट्या भरतो अन् गाडीत चढवतो. खोलीत सहा जण आहोत. ओडिशाचे दोघं रोज भातच रांधतात, मले पोळीची आठवण येते. सुपरवायझर म्हणते, जानेवारीपासून तुले कायम करतो. अकरा महिने झाले ताई, एका जागी. पुण्याहून मी दीड महिन्यात पळून आलतो. बुटीबोरीहून वीस दिवसांत. तू म्हणायची, राकेशच्या पायाले चाकं आहेत. बाबा म्हणायचे, चाकं नाई, काटे आहेत.

आता बाबाचंच लिहितो.

बुधवारी दुपारी सुरभी मॅडमचा फोन आला. वर्ध्याहून विहारात आलेल्या त्या अभ्यासवाल्या लोकांपैकी चष्मेवाली, जिनं बाबाच्या हातात पावलं मोजायचा पट्टा बांधलता. मी पेटीवर बसून डबा खात होतो.

"राकेशभाऊ, तुमच्या बाबांचं वय चौसष्टच लिहिलंय ना? चुकलं तर नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, चौसष्ट पक्कं. काऊन?"

"त्यांची चाल पाहतेय. जूनपर्यंत मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी पावलं टाकायचे. त्या वयाला बरोबर आहे. मग मधले दहा दिवस काहीच नाही. आणि नंतर एकदम एकशे वीसच्या वर. पाऊलसुद्धा हलकं पडतंय. आमच्या तरुण गटात अशी चाल असते, म्हाताऱ्यांत एकही नाही."

मी हसलो. खरंच हसलो ताई. म्हटलं, "मॅडम, आमचा बाप आहेच तसा. जीनवर तीस वर्षं कापसाच्या गाठी वाह्यल्या त्यानं."

ती हसली नाई. म्हणाली, "अठ्ठावीस तारखेला विहारात शेवटची चाचणी आहे. सहा मिनिटं चालून दाखवायचंय. त्यांना नक्की आणा."

फोन ठेवला अन् मी खोलीतल्या पोरांले सांगत सुटलो, माह्या बापाची चाल जवानाची निघाली म्हणून. त्यांले काही नवं नव्हतं. रोज जेवणं झाले का मी मोबाईल उघडून आकडा वाचून दाखवतो, हे त्यांले माहीत आहे. आज बाबा आठ हजार. आज नऊ. पट्टा तुह्या मोबाईलले जोडला होता, पण खातं मी काढून देल्लं होतं, म्हणून मलेही दिसायचं. बाबा अन् मी फोनवर काय बोलायचो? "जेवला काय?" "जेवलो." "ठेवू?" "ठेवा." बस. बाकी सारं मी त्या आकड्यात वाचायचो. दहाच्या सुमारास पावलं सुरू झाली का समजायचो, बाबा नाचणगावातून निघाले, पुलगावले चौकात गप्पा हाणतील. सातच्या आत वापस. जूनमधले दहा दिवस कोरे गेले, तवा तू म्हणालतीस, पट्टा बिघडला. त्यानंतर मंगळवारी काहीच नाई. वाटायचं, म्हाताऱ्याचा आरामाचा दिवस.

त्याच बुधवारी पेट्या चढवता चढवता मंगळवार डोक्यात आला. मंगळवारी साडीचं दुकान बंद राह्यते. तुव्हं दुकान.

हातातली पेटी पडली. सोळा टाइल्स फुटल्या.

हिरालालले फोन लावला. तो पुलगाव स्टेशनवर ऑटो लावून उभा होता. म्हटलं, "खरं सांग, माहा बाप कसा आहे?"

तो म्हणे, "आता आठवला का बे बाप? पाच महिन्यानं?"

"कायचे पाच महिने?"

त्यानं सवारीले दुसऱ्या ऑटोत बसाले सांगतलं. मग म्हणे, "तुले सांगतलंच नाई काय कोणी? अबे, १४ जूनले बाबा आंघोळ करता करता पडले. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. माह्याच ऑटोत नेलं. मेघानं तर सांगतलं का राकेशले सारं माहीत आहे, त्याले सुट्टी भेटत नाई. मी पाच महिने तुले मनात शिव्या देऊन राह्यलो. मीच काय, सारा मोहल्ला."

ताई, हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल, मोजता येणार नाई. राकेशले सारं माहीत आहे.

तू मले खोटं सांगतलं, ते एक. पट्टा आपल्या हातात घालून दुकानात गेली-आली, अन् मी तुही पावलं बापाची म्हणून पाच महिने वाचली, ते दुसरं. मायनं दर खेपेले फोनवर "बाबा बाहीर गेले" म्हणून सांगतलं, तिचा आवाज चिरकायचा, मले वाटायचं रेंज नाई. एवढं सारं एखाद्या वेळेस मी गिळलं असतं. पण तू मले गावात बापाकडं न फिरकणारा पोरगा केलं. मले माहीतच नसताना.

अन् दसरा. तू म्हणाली, येऊ नको, गर्दीत तिकीट भेटत नाई, बाबा मोहल्ल्यातल्या लोकांसंग दीक्षाभूमीले चालले. त्या दिवशी पट्ट्यावर एकोणीस हजार आले. मी इथं साऱ्या लाइनले पेढे वाटले. ओडिशावाल्यानं विचारलं, कशाचे? मी म्हटलं, मेरे बाप के पैरों के. हिरालाल सांगते, तू एकटीच गेलतीस. तू बाबाच्या नावानं तिथं डोकं टेकाले गेलतीस, का माह्या डोळ्यात माती टाकाले, हे मी चार दिवस झाले विचार करून राह्यलो. एक उत्तर येत नाई. दोन्ही खरं असेल तर जास्तच राग येते.

बुधवारीच पिशवी भरली होती. स्टेशनात जाऊन बसलो. गाडी आली, लोक चढले, मी बसूनच राह्यलो. कारण माहा फोन झाल्यावर हिरालालनं तुले जाब विचारला, तवा तुनं त्याच्याजवळ बोलून दाखवलं अन् त्यानं लगेच मले सांगतलं, "त्याले सांगतलं तर तो सारं टाकून पळत येईन, अन् मग परत जाणार नाई. पहिल्यांदा कुठं टिकला आहे." पळून आलो असतो तर तुव्हंच खरं झालं असतं. इतक्या खोट्यात एक तरी गोष्ट तुही खरी होऊ द्यायची नव्हती मले. गाडी गेली. खोलीवर वापस आलो. सकाळी सुपरवायझरच्या समोर उभं राहून सुट्टी मागतली. जिंदगीत पहिल्यांदा मागतली, आजपर्यंत घेतच आलो. चोवीसपासून आठ दिवस देल्ले.

आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं. दोनदा पान फाडलं.

तू ही अक्कल कुठून शिकली, ते मले ठाऊक आहे.

मागच्या डिसेंबरात ते लोक पहिल्यांदा आले, तवा साऱ्यांले सात दिवसासाठी पट्टे देल्लते. पोरं, मधले अन् म्हातारे असे तीन गट पाडलते. कोणत्या वयात माणूस किती चालते, किती बसते, अन् त्याचं तब्येतीले काय होते, ते पाह्यचं होतं त्यांले. मी पोरांच्या गटात. मी तवा दिवसभर खाटेवर मोबाईल घेऊन पडून राहो. दुसऱ्या दिवशी बाबा चपला घालून राह्यले होते, मी त्यांचा उजवा हात धरला अन् माहा पट्टा त्याच्यात अडकवला. डाव्या हातात त्यांचा, उजव्या हातात माहा. म्हटलं, "बाबा, तुम्ही चालूनच राह्यले तर माहंही चालून या." बाबानं दोन्ही हात वर करून पाह्यले. म्हणे, "पोलिसानं धरल्यावानी दिसते." तू चुलीजवळ भाकर थापत होतीस. तू हसली. मायही हसली. सहा दिवस बाबा दोन पट्टे घालून फिरले.

मग विहारात निकाल सांगतला, अन् बाबासारख्या काही जणांले पट्टा वर्षभरासाठी देल्ला. मोठे डॉक्टर म्हणाले, तरुणांमध्ये सगळ्यात चांगलं चालणारा मुलगा, राकेश भैयाजी, उभा राह्य. मी उभा झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हाताऱ्यांच्या ओळीत सतरंजीवर बसले होते. त्यांनीही वाजवल्या. सगळ्यात जोरात, अन् सगळ्यात शेवटपर्यंत. माह्याकडं पाहत होते अन् वाजवतच होते. टोमणा नव्हता त्यात. तेच तर सहन झालं नाई. त्या हप्त्यात मी मोरबीची गाडी धरली. तुले वाटलं, मित्रानं बोलावलं म्हणून गेला. मित्र-बित्र कोणी नव्हता.

म्हणून सांगतो, पट्टा बदलण्यावर मले तुले बोलता येत नाई. ते बी मीच पेरलं. पण ताई, मी बाबाची पावलं घेतली ती त्यांच्या देखत घेतली. तू त्यांची पावलं मले देल्ली ती माह्या पाठीमागं. हा फरक मी सोडणार नाई.

काल सुरभी मॅडमले फोन करून दोन्ही सांगतलं. तुव्हंही अन् माहंही. मले वाटलं, झापीन, दोघाचं नाव कटन. तिनं तारखा लिहून घेतल्या. मग म्हणे, "तुमचे ते सात दिवस काढून टाकते. ताईंचे महिनेही. पण आजारी पडले म्हणून बाबांचं नाव कटत नाही, भाऊ. चालणं थांबलं, हेही आम्हाला लिहायचं असतं." मी विचारलं, मग त्यांच्यापुढं काय येईन? म्हणे, "जे असेल ते. शून्य तर शून्य."

आता माहं म्हणणं ऐक. मी मंगळवारी, २५ तारखेले, पोहोचतो. दुकान बंदच राहीन, तवा तू घरी असशीन. मले घ्यायले येऊ नको, हिरालाल येते. जायचं तिकीटही काढून ठेवलं आहे, तीस तारखेचं. बाबाले ते दाखवीन. काटे निघाले म्हणावं.

एक गोष्ट मले कोणी सांगू नाई शकत, हिरालालही नाई. बाबाले तुनं काय सांगतलं? राकेशले माहीत आहे, असंच? पाच महिने ते खाटेवर पडून दाराकडं पाहत होते काय? ते बोलू शकत नाईत, म्हणून विचारूही शकले नसतील. तुले मी एखाद्या दिवशी माफ करीन, नाईतर नाई करणार, ते मले आज माहीत नाई. पण हे पत्र भेटलं का आधी त्यांच्या जवळ बस अन् तुह्या तोंडानं सांग, राकेशले माहीत नव्हतं. माह्या येण्याच्या आधी सांगजो. मी सांगतलं तर ते सफाई देणं होईन.

मग पट्टा काढ तुह्या हातातून. बाबाच्या डाव्या हातात बांध, जो हालते म्हणे. चार्ज करून बांधजो. अन् पुन्हा काढू नको.

शून्य येईन, येऊ दे. रोज जेवल्यावर मी पाहीन. मॅडम म्हणे, हात हालला तरी कधी कधी दोन-चार पावलं पडतात त्याच्यात, ती चालल्याची नसतात. पडू दे. दोन पडली तर मी समजीन, बाबानं हात उचलला.

मायले नमस्कार. तुह्यासाठी आज दुसरं काही लिहवत नाई.

भैयाजीचा पोरगा,
राकेश